न्हाणीघराची जमीन

महाराष्ट्रातील जुन्या घरांत जमीन करणे हे बहुतांशी घरच्याच माणसांचे, त्यातही बायकांचे, काम होते. मुरूम आणि माती पसरायची, पाणी मारून चोपणीने चोपायची आणि पुढे दर आठ-पंधरा दिवसांनी शेणाने सारवत राहायचे, अशी ती रीत होती. कोकणात सारवणात कोळशाची पूड कालवून जमिनीला काळा तुकतुकीत रंग आणत. कोठे जमीन उखणली तर तेवढा तुकडा ओला करून पुन्हा चोपला जाई, त्यामुळे दुरुस्ती हा निराळा प्रसंग नसून रोजच्या घरकामाचाच भाग असे. या व्यवस्थेला घरात एक ठळक अपवाद होता, तो अंघोळीच्या जागेचा. सारवलेली जमीन पाण्याचा शिडकावा सोसते, पण रोज ओतले जाणारे घंगाळभर पाणी तिला सोसवत नाही. तिचा चिखल होतो आणि शेजारच्या भिंतीचा पायाही भिजू लागतो. म्हणून ज्या घरात बाकी सर्वत्र सारवण असे, त्या घरातही न्हाणीच्या जागी दगड बसवण्यासाठी पाथरवट किंवा गवंडी बोलवावा लागे. न्हाणीघराचा इतिहास सहसा पृष्ठभागांच्या क्रमाने सांगितला जातो: आधी दगड, मग कोबा, मग लादी, मग चकचकीत टाइल. कारागिरांच्या दृष्टीने मात्र तो मुख्यतः दोनच गोष्टींचा इतिहास आहे. एक, पाणी एका बाजूला वाहून नेणारा बेताचा उतार, ज्याला गवंडी ढाळ म्हणतो; आणि दुसरी, लादीखाली कायमचा झाकला जाणारा थर.

या दोन्ही गोष्टींची जाण उपखंडात फार जुनी आहे. सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडोच्या घरांमध्ये अंघोळीसाठी भाजक्या विटांचे ओटे सापडतात आणि त्यांच्या विटा घासून, एकमेकींना अगदी भिडवून, एका कोपऱ्यातील निचऱ्याकडे ढाळ देत बसवलेल्या आहेत. तेथील प्रसिद्ध महास्नानगृह, म्हणजे सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरांच्या आसपास खोल असा हौद, १९२५-२६ च्या उत्खननात उजेडात आला; त्याच्या विटा जिप्समच्या गिलाव्यात बसवलेल्या असून विटांच्या मागे डांबरासारख्या नैसर्गिक बिट्युमेनचा थर दिलेला आहे. दिसणारी वीट आणि न दिसणारा पाणीरोधक थर ही जोडी तेथे पूर्णपणे सिद्ध झालेली दिसते. याच स्थळाला १९११-१२ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी भेट दिली होती आणि विटांचा घाट फारच अर्वाचीन वाटल्यामुळे हे अवशेष जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे असावेत, असा निष्कर्ष काढला होता. तो अर्थातच चुकला. परंतु साडेचार हजार वर्षांपूर्वीचे विटकाम एका जाणत्या संशोधकाला कालपरवाचे वाटावे, यात त्या विटकामाच्या दर्जाची पावतीही आहे.

दख्खनच्या पठारावर भाजक्या विटेपेक्षा काळा पाषाण हाताशी होता. हा बेसाल्ट अतिशय कठीण, पाणी न पिणारा, म्हणून न्हाणीला उत्तम. पण लाव्हारसापासून बनलेल्या या दगडाचे पातळ पापुद्रे सुटत नाहीत, त्यामुळे त्याची प्रत्येक फरशी टाकी आणि हातोडीने घडवावी लागते आणि ती जाड व वजनदार होते. वाड्यांमध्ये मागील चौकाच्या कडेला अशा घडीव चिऱ्यांची न्हाणी असे; एखाद्या मोठ्या चिऱ्यातच पन्हळ कोरून पाणी भिंतीबाहेर काढलेले असे. कोकणात जांभा दगड मुबलक, पण तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो, म्हणून तेथे न्हाणी बहुधा मुख्य घरापासून जरा अलग, मागीलदारी विहिरीजवळ, चुलाणाला लागून असे. दोन्हीकडे सांडपाण्याची व्यवस्था एकाच तत्त्वावर चाले: पाणी परसात सोडायचे आणि त्यावर केळी, अळू किंवा माड पोसायचे. निचऱ्याची नळी, तिचा वास, तिचे तुंबणे हे प्रश्न तेथे उद्भवत नसत, कारण नळीच नव्हती. ढाळ थोडा चुकला तरी फार बिघडत नसे. पाणी ज्या बाजूला जाई ती बाजूही घराबाहेरचीच असे.

श्रीमंतांच्या वाड्यांत आणि सार्वजनिक हौदांत दगडाच्या जोडीला चुना आला, आणि पाणी अडवण्याची खरी विद्या या चुन्यातच होती. देशावर जमिनीत सापडणाऱ्या चुनखडीचे खडे, तर किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजून चुना काढत. तो पाण्यात विझवून, वाळूसह बैलांच्या घाणीत, म्हणजे वर्तुळाकार दगडी चरात फिरणाऱ्या जड चाकाखाली, मळून घेत. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो आणि सतत ओल्या जागी नीट आवळत नाही. त्यावर उपाय म्हणून त्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची बारीक पूड, मिसळली जाई. तिच्यामुळे चुना पाण्याखालीही घट्ट होऊ शकतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, ताग यांचीही भर पडे आणि प्रत्येक गवंडी आपले प्रमाण राखून असे. पेशवाईत नानासाहेबांच्या काळात कात्रजहून पुण्यात आणलेल्या पाण्याच्या नळांचे आणि हौदांचे बांधकाम याच चुन्याच्या भरवशावर उभे राहिले. याच साहित्यातून कोबा निघाला. विटांचे तुकडे किंवा खडी चुन्यात कालवून पसरायची आणि तो थर लाकडी थाप्यांनी ठोकत राहायचे; मजुरांच्या रांगा, त्यांत बहुतेक बायका, दिवसचे दिवस एका लयीत ठोकत मागे सरकत, मधूनमधून गुळाचे वा बेलाचे पाणी शिंपडत, आणि थापी टणकन उडून परत येऊ लागली की कोबा झाला असे मानले जाई. ही ठोकणी दिसायला निर्बुद्ध वाटते, पण तिच्यामुळे थरातील हवेच्या पोकळ्या जातात आणि आवळताना पडणाऱ्या बारीक चिरा ओल्या असतानाच बुजतात. घाई केली तर कोबा पहिल्याच पावसाळ्यात बोलतो.

दगडाच्या बाबतीत मोठा बदल घडवला तो रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे जाणारा फाटा १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेला जाऊन मिळाला, आणि या मार्गावर, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात व आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, शहाबाद लागते. भीमेच्या खोऱ्यातील तेथील चुनखडक थरांथरांनी साचलेला असल्यामुळे पहारीने त्याच्या लाद्या सुटून येतात. एक-दीड इंच जाडीची, वरून बऱ्यापैकी सपाट अशी फरशी त्यातून फारसे घडवकाम न करता मिळते. काळ्या पाषाणाला जे दिवस लागत ते येथे तासांवर आले, आणि आगगाडीच्या वाघिणींतून हा दगड पुणे-मुंबईपर्यंत पोहोचू लागल्यावर न्हाणीघर, मोरी, ओटा, जिना आणि अंगण यांची जमीन शहाबादी झाली. पुणेकर तिला फरशी म्हणत राहिले, मुंबईकर लादी. तिचा निळसर करडा रंग कोणी हौसेने निवडला असेल असे वाटत नाही; ती स्वस्त होती, पाण्याला पुरत होती आणि गुळगुळीत झाली की टाकी लावून पुन्हा खरबरीत करता येत होती, हे गुण पुरेसे होते. तिचा एकच मोठा शत्रू म्हणजे आम्ल, कारण चुनखडक आम्लात विरघळतो. याच परिसरातील चुनखडकावर पुढे सिमेंटचा कारखानाही उभा राहिला आणि १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही कंपनी झाली तेव्हा शहाबाद सिमेंट कंपनी त्यांपैकी एक होती. म्हणजे विसाव्या शतकात न्हाणीघराची फरशी आणि ती बसवण्याचा माल, दोन्ही एकाच खडकातून येऊ शकत होते.

परंतु न्हाणीघराचे स्वरूप बदलण्यास दगडापेक्षा नळ अधिक कारण झाला. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० पासून आणि तानशाचे १८९२ पासून नळाने मिळू लागले. विहिरीतून शेंदलेले पाणी माणूस मोजून वापरतो. नळाखाली पिंप भरून वाहू लागते. पाणी वाढले, पण ते रिचवणारे परस शहरात नव्हते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून चाळी बांधल्या, तर १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या बीडीडी चाळी वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे उभ्या राहिल्या. मुंबईच्या चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात न्हाणीघराची जागा मोरीने घेतली: खोलीच्या कोपऱ्यात वीतभर उंचीच्या कठड्याने वेगळा केलेला जमिनीचा चौकोन, ज्यात भांडी घासायची, कपडे धुवायचे आणि पडदा ओढून अंघोळही करायची. इतक्या लहान जागेत ढाळाला महत्त्व आले ते प्रथमच, कारण पाणी कठड्यावरून आले तर ते थेट अंथरुणात येई. गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी धरून दोन टोकांची पातळी जुळवून घेतो आणि तेथून साधारण साठ ते ऐंशी इंचांना एक इंच एवढा उतार काढतो. कमी झाला तर पाणी साचते, जास्त झाला तर ओल्या पायाला तोल सावरावा लागतो. निचऱ्याच्या तोंडाशी येणारे न्हाणी ट्रॅप, म्हणजे वाकणात थोडे पाणी कायम धरून गटाराचा वास आणि झुरळे अडवणारे भांडे, हेही याच व्यवस्थेचे अपत्य. महाराष्ट्राबाहेरच्या अभियंत्यांच्या आराखड्यांतही ते न्हाणी ट्रॅप याच नावाने दाखवले जाते.

आज टाइल म्हणताच जी चौकोनी, रंगीत, एकसारखी वस्तू डोळ्यांसमोर येते ती न्हाणीघरात बऱ्याच उशिरा पोहोचली. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे हर्बर्ट मिंटन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भाजक्या नक्षीदार टाइलचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू केले आणि मुंबईत ती आधी आली ती सार्वजनिक इमारतींत. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची, जमीन मिंटनच्या टाइलची आहे. खाजगी घरात ही आयात केवळ धनिकांना परवडे आणि तीही दिवाणखान्यात. स्वदेशीच्या प्रेरणेने १९२२ मध्ये सिधवा कुटुंबाने भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली आणि भाजलेल्या टाइलला सिमेंटच्या टाइलचा पर्याय दिला. ही टाइल भट्टीत जात नाही. पोलादी साच्यात नक्षीच्या आकाराची पितळी पट्ट्यांची चौकट ठेवायची, प्रत्येक खणात पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग यांचा पातळ काला ओतायचा, चौकट अलगद उचलायची, ओल शोषण्यासाठी वरून कोरडे सिमेंट भुरभुरायचे, पाठीला सिमेंट-वाळूचा थर भरायचा आणि प्रेसखाली दाबायचे. मग पाण्यात ठेवून घट्ट होऊ द्यायचे. चौकट उचलताना हात थरथरला की रंगांच्या कडा एकमेकींत जातात, त्यामुळे यंत्राच्या नावावर खपणाऱ्या या टाइलचा दर्जा अखेर कारागिराच्या मनगटावर ठरतो. गोव्यातील आणि मुंबईतील जुन्या घरांतून अशा जमिनी अद्याप चांगल्या स्थितीत दिसतात, परंतु न्हाणीघरात त्या क्वचितच आढळतात. सिमेंटही आम्लाने झिजते आणि रंगीत थर साबणाच्या पाण्याने डागाळतो. शिवाय चार आण्यांच्या शहाबादीने भागत असताना मोरीत नक्षी घालणे लोकांना उधळपट्टीच वाटली असावी.

खरी उलथापालथ झाली ती स्वयंपूर्ण फ्लॅट आणि लोखंडी सळ्यांचे काँक्रीट यांच्या संयोगातून. गावदेवी येथे १९१५ मध्ये स्थापन झालेली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी ही मुंबईतील सहकारी गृहरचनेची आद्य संस्था. पुढील दोन-तीन दशकांत दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत स्वतंत्र न्हाणीघर आणि घरातच शौचकूप असलेली बिऱ्हाडे मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली. शौचकूप घरात आणण्यास सोवळ्याच्या कल्पना आड येत होत्या, त्यामुळे हा बदल केवळ बांधकामाचा नव्हता. बांधकामाच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा झाला की एका कुटुंबाच्या अंघोळीचे पाणी दुसऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर आले. नळ्या आणि ट्रॅप बसवण्यासाठी न्हाणीघराचा स्लॅब आजूबाजूपेक्षा फूटभर खाली घेण्याची पद्धत रूढ झाली. बांधकामावर त्याला सनकन स्लॅब म्हणतात. या खड्ड्यात नळ्या टाकून त्यावर विटांचे तुकडे उभे रचायचे, फटी पाणीरोधक रसायन घातलेल्या सिमेंटच्या मालाने भरायच्या आणि वर ढाळ काढून घोटायचे, याला ब्रिकबॅट कोबा असे मिश्र नाव पडले. जुन्या कोब्याचा घाट त्यात राहिला, ठोकणी गेली. चुन्याचा थर थोडा लवचीक असतो आणि इमारतीबरोबर किंचित हलतो. सिमेंटचा थर कडक असल्यामुळे तडकतो, आणि तडा गेला की खालचा विटांचा भराव स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरची लादी कोरडी दिसत असते आणि खालच्या मजल्यावर छताला पिवळे डाग पडतात.

याच सुमारास नजर लादीवर खिळवणारी वस्तू आली. एच अँड आर जॉन्सन या ब्रिटिश नावाच्या कंपनीने १९५८ पासून भारतात चकाकीच्या पांढऱ्या टाइल बनवण्यास सुरुवात केली, तिचा कारखाना ठाण्याला होता. चकाकी म्हणजे भट्टीत वितळून टाइलवर चढलेला काचेचा पातळ थर. त्यावर मळ पटकन दिसतो आणि पटकन पुसला जातो, म्हणून रुग्णालयातील स्वच्छतेशी जोडलेला हा पांढरा रंग घरोघर शिरला. प्रथम तो भिंतीवर तीन-चार फूट उंचीपर्यंतच असे, जमीन शहाबादी किंवा मोझेकचीच राही, आणि ही वाटणी शहाणपणाची होती, कारण चकाकीवर ओला पाय घसरतो. पुढे खरबरीत पृष्ठभागाच्या जमिनीच्या टाइल आल्या, आणि त्यानंतर ०.५ टक्क्याहून कमी पाणी शोषणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल. गुजरातेतील मोरबी हे शहर या सर्व मालाचे देशातील सर्वांत मोठे केंद्र बनले. टाइल पाणी पीत नाही हे खरे असले तरी दोन टाइलमधील सांधा पितो, हे मात्र विक्रीच्या भाषेत मागे पडले. सांध्यातील पांढरे सिमेंट संडास साफ करण्याच्या ॲसिडने दर आठवड्याला थोडे थोडे झिजते, आणि जी जमीन अतोनात स्वच्छ ठेवली जाते तीच अनेकदा आधी गळू लागते.

जुन्या न्हाणीघराची जमीन बदलायला निघालेल्या नवख्या घरमालकाची अडचण या इतिहासातूनच आलेली आहे. त्याला दुकानात दाखवली जाते ती फक्त टाइल; काम मात्र तिच्याखालचे असते. जुनी लादी न उखडता तिच्यावरच नवी चिकटवण्याचा मार्ग स्वस्त आणि धुळीशिवाय होणारा म्हणून लोकप्रिय आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग या रसायनतज्ज्ञाने सिमेंटमध्ये लॅटेक्स मिसळून काही मिलिमीटरांच्या थरात टाइल धरणारा माल तयार केल्यापासून जगभर ते शक्य झाले. त्याने जमीन दिसते नवी, पण उंबऱ्याची उंची जाते, ट्रॅपची जाळी खड्ड्यात राहते आणि गळणारा कोबा आहे तसाच गळत राहतो. उखडायचे ठरवले तर मात्र थर उलट क्रमाने निघू लागतात: वर व्हिट्रिफाइड, तिच्याखाली पांढरी किंवा मोझेक, तिच्याखाली शहाबादी, मग भिजून काळे पडलेले विटांचे तुकडे आणि गंजलेली ओतीव नळी. हा सारा ओला राडारोडा गोण्यांत भरून उतरवल्यावर, स्लॅब धुऊन सुकवल्यावर, कोपऱ्यांना गोलाई देऊन पाणीरोधक लेप भिंतीवर फूटभर चढवल्यावर, जाणता गवंडी निचऱ्याचे तोंड बंद करून पाणी भरतो आणि ते किमान २४ तास तसेच ठेवून खालच्या घराचे छत पाहून येतो. घाईच्या कामात नेमकी हीच पायरी गाळली जाते. त्यातच मोठ्या टाइलची हौस ढाळाच्या आड येते: दोन फुटी सपाट टाइल चार बाजूंनी मध्याकडे उतरवता येत नाही, ती कर्णात कापावी लागते, आणि कापायचे नसेल तर ढाळच मारला जातो. लहान चौकोनांची लादी ही गरिबीची खूण नव्हती. ती उताराची गरज होती.

अशा गळतीचा खर्च कोणी सोसायचा हाही आता नियमांचा विषय झाला आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती संस्थेने, तर न्हाणीघर-शौचकूपातून होणारी अंतर्गत गळती त्या सदस्याने दुरुस्त करायची असते. २०१६ च्या रेरा कायद्याने नव्या इमारतीतील बांधकामाच्या दोषांसाठी विकासकावर ताब्यापासून पाच वर्षांची जबाबदारी टाकली आहे. दरम्यान अनेक नव्या इमारतींनी खोल खड्ड्याची पद्धतच सोडली असून नळ्या आणि ट्रॅप स्लॅबच्या खाली, म्हणजे खालच्या घराच्या खोट्या छताआड, टांगले जातात. त्यामुळे भराव कुजण्याचा प्रश्न मिटला, परंतु वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा तुंबलेला ट्रॅप उघडायचा झाला तर प्लंबरला शिडी लावावी लागते ती खालच्या बिऱ्हाडात, आणि तेही त्या घरची मंडळी दार उघडतील तेव्हाच.